आवाज मोठा, पण शब्द कुठे?

ईदच्या आठवड्यात आमच्या खामगावच्या घरी होम थिएटर आले. मोठ्या मुलाने पहिल्या पगाराच्या जोरावर ते हप्त्याने घेतले होते. पाच छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक जड सबवूफर. दादीला टीव्हीचा आवाज कमी ऐकू येतो, हे त्याच्या मनात होते. पण पहिल्याच रात्री विरस झाला. पडद्यावर गाडी धडकली की खिडकीच्या काचा थरथरत, आणि माणसे बोलू लागली की काही कळेना. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बेटा, आवाज तो आ रही, बात समझ में नहीं आ रही."

मुलाने आवाज आणखी वाढवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खालाजानने भिंतीवर टकटक केली. मुलगा दुकानदारावर चिडला, नवरा मुलावर चिडला, आणि "माझ्यासाठी एवढा खर्च कशाला केला?" म्हणत सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. शेवटी मी मलकापूरला माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो टीव्ही आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. रविवारी सकाळी आला आणि चहा घेण्याआधीच म्हणाला, "आपा, एकदम सगळ्याला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे."

त्याने आधी रिमोटवरचे टेस्टचे बटण दाबले. या बटणाने एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'खस्स' असा आवाज येतो. मधल्या स्पीकरची पाळी आली, तेव्हा आवाज आला सोफ्यामागच्या कोपऱ्यातून! पाच स्पीकरच्या मांडणीत पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या, म्हणजे टीव्हीखालच्या स्पीकरमधून येते. आमच्याकडे त्याची पिन मागच्या स्पीकरच्या जागी खोचलेली होती. पिन बदलली आणि माणसे पडद्यातून बोलू लागली.

पुढच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या. लाल जागी लाल आणि काळ्या जागी काळी तार हवी. एकाची जोडणी उलटी असेल, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मग भारदस्त आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि बोलणे पोकळ वाटते. तारा सरळ करायला पाच मिनिटे लागली, खर्च शून्य.

टीव्हीच्या सेटिंगमध्येही एक गोम होती. टीव्ही बाहेर फक्त दोन स्पीकरचा आवाज पाठवत होता, आणि उरलेल्या तिघांसाठी यंत्र अंदाजाने काम चालवत होते. एचडीएमआय केबल 'एआरसी' लिहिलेल्या जागी लावून आवाजाचा प्रकार बदलल्यावर पाचही स्पीकरना आपापला वाटा मिळाला.

आता उरली गुणगुण. यंत्र चालू केले की भुंग्यासारखा 'हूं' आवाज यायचा. भावाने डिशची केबल काढली, आवाज थांबला. पुन्हा लावली, सुरू झाला. म्हणजे दोष स्पीकरमध्ये नव्हता, अर्थिंगमध्ये होता. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगच्या पाटीभोवतीचा ओलावा जातो आणि जमिनीशी तिची पकड सुटते. मुलाला कोणीतरी सांगितले होते की प्लगची तिसरी पिन काढली की गुणगुण जाते. तो ते करणारच होता. भाऊ पहिल्यांदाच कडक बोलला, "मामूचे एक ऐक. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. यंत्रात वीज उतरली तर ती जमिनीत जायला वाट पाहिजे, नाहीतर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल." वायरमनला बोलावून खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी घातले, ढिले जोड आवळले. टीव्ही, डिशचा डबा आणि होम थिएटर एकाच बोर्डावर घेतले. गुणगुण गेली.

खोलीचाही दोष होताच. सिमेंटचा स्लॅब, फरशी, उघड्या भिंती. टाळी वाजवली की घुमायची. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. 1656 साली पूर्ण झालेल्या मुहम्मद आदिलशाहाच्या त्या मकबऱ्यात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथे ती मौज वाटते; घरात मात्र एका शब्दावर दुसरा शब्द चढतो. अमेरिकेत 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात हीच तक्रार होती. तिथे एक शब्द साधारण साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री शेजारच्या सभागृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून, त्या कमीजास्त करून घुमणे मोजले. कापूस, लोकर, कापड आवाज शोषतात, हे त्यांनी आकड्यांत मांडले.

गाद्यांसाठी आपल्याला हार्वर्डला जायची गरज नाही! खामगाव कापसाचे गाव. 1870 मध्ये इथे रेल्वेचा फाटा आला तोच कापसासाठी. पिंजाऱ्याने भरलेल्या दोन जुन्या गाद्या सोफ्यामागच्या भिंतीला टेकवल्या, खाली जाड सतरंजी अंथरली, खिडकीला दुहेरी पडदा लावला. सबवूफर कोपऱ्यातून ओढून दोन हात पुढे घेतला. कोपऱ्यात त्याचा दणका वाढतो आणि भिंतीतून थेट शेजारी जातो. निवासी वस्तीसाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण नियमाआधी शेजाऱ्याचा हक्क येतो. मुलगा स्वतः जाऊन खालाजानची माफी मागून आला.

संध्याकाळी सगळे ऐकायला बसलो. आम्हाला शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. सासूबाई मात्र अजूनही ओठांकडेच बघत होत्या. भाऊ हळूच म्हणाला, "आपा, यंत्राचे सगळे दोष संपले. आता अम्मीचे कान तपासा."

वय वाढते तसे बहुधा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही व्यंजने त्यातच मोडतात. त्यामुळे आवाज येतो, पण 'सात' आणि 'हात' यांत फरक कळत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही. उलट घरातल्या मुलांच्या कानांना त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा फक्त चार तास.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला, मग श्रवणचाचणी घेतली. दोन्ही कानांत यंत्र बसवावे लागले. पहिले दोन आठवडे सासूबाईंनी ते अनेकदा काढून ठेवले, कारण भांड्यांचा आवाजही टोचायचा. हळूहळू सवय झाली.

आता आमच्या होम थिएटरचा आकडा 38 वरून 16 वर आला आहे. पण खरा फरक टीव्ही बंद असताना कळतो. चार वर्षे सासूबाई दस्तरखानावर गप्प बसायच्या आणि आम्ही समजायचो, वयामुळे त्या अबोल झाल्या. परवा जेवताना धाकटी नात काहीतरी पुटपुटली. कोपऱ्यातून लगेच उत्तर आले, "मैं सब सुन रही हूँ."