सोमल सापडला का?

'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.' बातमीतली ही ओळ तुम्ही शंभरदा वाचली असेल. पुढे काय होतं, कधी विचार केलाय? यकृताचा, मूत्रपिंडाचा तुकडा मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवून फॉरेन्सिक लॅबला जातो आणि तिथे त्यातून विष शोधलं जातं. सगळ्यात बदनाम विष म्हणजे आर्सेनिक, आपल्या आजीच्या भाषेत सोमल. 'हरताळ फासणे'मधला पिवळा हरताळही आर्सेनिकचंच खनिज, बरं का!

हिंजवडी म्हटलं की आयटी आणि ट्रॅफिक. पण फेज २ मध्ये बायोटेक पार्कसुद्धा आहे, केमिस्ट्रीवाल्यांनी तिकडेही बघावं. अशा कामात मशीनचा भाव मोठा, पण निकाल ठरतो तो त्याच्या आधी, सॅम्पल तयार करताना.

वाळवलेलं अर्धा ग्रॅम सॅम्पल टेफ्लॉनच्या भांड्यात घ्यायचं, नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, झाकण घट्ट लावून मायक्रोवेव्हमध्ये (घरच्या नव्हे!) तापवायचं. मांस, चरबी, केस, सगळं विरघळून स्वच्छ द्रावण उरतं. झाकण कशासाठी? क्लोराइड असलेलं सॅम्पल उघड्यावर तापवलं, तर आर्सेनिक वाफेबरोबर उडून जाऊ शकतं. म्हणजे विष होतं, पण रिपोर्टमध्ये नाही.

उलटंही होतं. आयसीपी-एमएस मशीन अणू वस्तुमानावरून ओळखतं. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. मशीनमधला आरगॉन (४०) आणि क्लोरीन (३५) जोडीनं आले की बेरीज तीच! आता आठवा, व्हिसेरा कशात बुडवला होता? मिठात. म्हणून मशीनमध्ये हेलियम सोडून ही खोटी जोडी गाळावी लागते आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचीही वेगळी तपासणी करावी लागते.

आणखी एक गोची आहे. सुरमई, कोळंबीतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतं. काल मासे चापले आणि आज लघवी तपासली, तर एकूण आकडा भीतीदायक येईल. अशा वेळी तीव्र आम्लात सगळं जाळून चालत नाही. लघवी जशीच्या तशी, थोडी पातळ करून वापरायची. माशातून मिथेनॉल-पाण्यानं, तांदळातून सौम्य आम्लानं आर्सेनिक अलगद बाहेर काढायचं आणि त्याची रूपं वेगळी मोजायची. घाईत रूप बदललं, तर निकालच बदलला.

हे सगळं फक्त खुनांसाठी नाही. गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडमधल्या कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक असल्याचं १९९९ मध्ये जाहीर झालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. तिथल्यासारख्या गावात माणसाच्या शरीरात किती गेलं, हे केस आणि नखं सांगतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कित्येक महिन्यांची नोंद त्यात असते. पण लोक आंघोळही त्याच पाण्यानं करतात, त्यामुळे बाहेरून चिकटलेलं आर्सेनिक धुऊन काढावं लागतं आणि ते पूर्ण निघतंच असं नाही. म्हणूनच केसांच्या जोडीला लघवीचा नमुनाही घ्यावा लागतो.