मोटारपुराण

मोटारीविषयी मत नाही असा माणूस सापडणे कठीण. ज्याच्याजवळ मोटार नाही, त्याचे मत तर फारच ठाम असते. प्रस्तुत लेखक याच वर्गातला. आमच्याकडे मोटार होती, पण ती आमच्यासाठी नव्हती. आबा मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवीत, आणि 'बसायचे तर मीटर टाकीन' हा त्यांचा ठरलेला विनोद. तेव्हा पुढील मते आबांची. मांडणीतल्या चुका माझ्या.

आबांची गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचे हे मराठी बारसे झाले. इंजिन १०८९ सी.सी.चे, स्टिअरिंग जड, आणि गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बगलेत. तिची प्रतिस्पर्धी अँबॅसिडर, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची. इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घडली आणि २०१४ पर्यंत फारसा चेहरा न बदलता निघत राहिली. आबा म्हणतात, "अँबॅसिडर म्हणजे ओसरीवर बसलेले थोरले काका. लवकर उठत नाहीत, पण उठले की वाट सोडावी लागते."

त्या काळी सरकारी परवान्यापेक्षा जास्त गाड्या कारखान्याला काढता येत नसत. त्यामुळे गिऱ्हाइकाने नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अशा बाजारात विक्रेत्याने गोड बोलावे तरी कशासाठी? १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, तेव्हापासून चित्र पालटू लागले. १९९१ नंतर धोरण बदलले आणि पुढे परवान्याची अटही गेली. पूर्वी माणूस गाडीची वाट पाहत असे. आता काचेच्या दुकानात गाडी माणसाची वाट पाहते.

बदल गाडीच्या पोटातही झाला. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पूर्वी कार्ब्युरेटर करी. ते बिघडले की इंजिन खोकू लागे. आबा बॉनेट उघडून कान देत, स्क्रू पाव फेरा फिरवीत आणि खोकला थांबे. आता हे मोजमाप संगणक करतो. धूर कमी होतो, पेट्रोल वाचते, हे मान्यच केले पाहिजे. पण बिघाड झाला की समोर एक पिवळा दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ सांगायला यंत्र जोडावे लागते. आबांच्या कानाला काम उरले नाही.

आबांच्या मते चालकांचे प्रकार तीन. पहिला हाताने चालवतो, म्हणजे हॉर्नवरचा हात काढत नाही. दुसरा पायाने चालवतो. बोरघाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर धरत नाहीत. तिसरा कानाने चालवतो. तो उतारावर खालचा गिअर टाकतो आणि इंजिनकडूनच गाडी आवरून घेतो. हा तिसरा प्रकार दुर्मिळ आहे.

वीस वर्षांची मुदत संपली आणि आबांची टॅक्सी भंगारात गेली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. गेल्या वर्षी आम्ही दोघे नवी गाडी पाहायला एका शोरूममध्ये गेलो. दारातल्या टायवाल्या तरुणाने आबांच्या चपलांकडे पाहून विचारले, "साहेब मागून येताहेत का?"

आबांनी शांतपणे माझ्याकडे बोट केले. "हे काय, साहेब. कॉलेजात आहेत."

मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. ज्याला अजून क्लच सोडता येत नाही, त्याला तो तरुण पडदा आणि छताची काच दाखवू लागला. आबा उभेच होते. थोड्या वेळाने त्यांनी गाडी चालू करायला सांगितली, बॉनेटवर हात ठेवून ऐकले आणि किमतीचा कागद मागितला. गाडीची किंमत, नोंदणी, कर, विमा आणि खाली बारीक अक्षरात हाताळणी खर्च.

"विमा बाहेरून घेतला तर चालतो ना?" आबांनी विचारले. चालतो, शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नसते. "आणि ही हाताळणी कुणी, कशाची केली?" तरुण मॅनेजरला बोलवायला गेला. परत आला तेव्हा तो आबांना 'सर' म्हणू लागला होता.

गाडी आम्ही तिथे घेतली नाही. बसमध्ये आबा त्या प्रसंगावर मनापासून हसले. मला मात्र हसू आले नाही. आबा उभे असताना मी तो चहा प्यालो होतो, आणि 'साहेब हे नाहीत, मी नाही. गाडी यांना कळते' एवढे एक वाक्य बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकूनही मला सुचले नव्हते.

तेव्हा वाचकहो, गाडी घ्यायला जाल तर कानाने चालवणारा एक माणूस बरोबर न्या. आणि खुर्ची एकच असेल तर त्याला द्या.