काठाचा रंग

पैठणी पारखणारी जाणती स्त्री पदर पसरून त्यावरचे मोर मोजीत बसत नाही. ती काठ उलटा करते, पाठीची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ विणलेली आहे की नाही हे पाहते, आणि तेवढ्यावरून विणकराचा हात व वस्त्राची किंमत ठरवते. जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचे काम मी जवळून पाहू लागलो तेव्हा मोटारीलाही असाच काठ असतो, आणि तिची खरी परीक्षा तिच्या अंगाच्या रंगावर नव्हे तर त्या काठाच्या रंगावर होते, हे मला हळूहळू उमगले. अंगाचा रंग सर्वांना दिसतो, त्याला नाव असते, त्याची नोंद सापडते. परंतु दाराखालून धावणारी बोरूच्या टोकाएवढी रेघ, चाकाच्या आऱ्यांवरचा रंग, डॅशबोर्डाची छटा, इंजिनावर फासलेला हिरवा वा करडा थर यांची दखल सहसा कोणी घेत नाही. मोटार नव्याने रंगवताना प्रथम नाश होतो तो याच उपरंगांचा.

या उपरंगांचे मूळ मोटारीहून जुने आहे. घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे कारागीर लाकडी अंगावर रंगाचे व व्हार्निशचे एकावर एक हात देत, प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे घालवीत, आणि अखेरीस खारीच्या केसांच्या लांब, निमुळत्या कुंचल्याने चाकांवर व कडांवर रेघा ओढीत. पहिल्या मोटारी या बग्ग्यांच्याच वारस असल्यामुळे ती रेघ त्यांच्याकडे वारशानेच आली. पुढे कारखान्यांची गती वाढली आणि वाळण्यास आठवडे घेणारा रंग परवडेनासा झाला. फोर्डने आपली मॉडेल टी 1914 पासून 1925 पर्यंत केवळ काळ्या रंगात विकली ती याच घाईच्या काळात. मग ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला, 1924 सालच्या ओकलंड मोटारीवर तो प्रथम निळ्या रूपात झळकला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आल्याने रंगांची जणू दारेच उघडली. त्या नावाची सत्ता इतकी दूरवर पोचली, की आजही आपल्याकडे लाकडी कपाटावर फवारलेल्या चकचकीत रंगाला सुतार ‘ड्यूको’ असेच म्हणतो.

1927 च्या डिसेंबरात फोर्डची मॉडेल ए बाजारात आली, ती या नव्या रंगसंपदेचे अपत्य होती. तिचे मडगार्ड भट्टीत भाजलेल्या काळ्या एनॅमलचे, इंजिन गडद हिरवे, अंग निळे, वाळूच्या छटेचे किंवा करडे, आणि कमरेभोवती एक बारीक रेघ. अशाच एका उघड्या, कापडी टपाच्या मॉडेल ए मोटारीचे काम पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चालले असता मी अनेक दिवस तेथे जाऊन बसत असे, आणि या लेखातील पुष्कळसे ज्ञान मला त्या शेडनेच दिले आहे.

मोटार आली तेव्हा तिच्या अंगावर हिरवट निळ्या रंगाचे अलीकडचे थर होते आणि कमरेला झगझगीत सोनेरी पट्टी होती. मालकांना ती पट्टी आवडत असे. लहानपणापासून त्यांनी मोटार तशीच पाहिली होती. आर.सी. बुकात रंगाच्या रकान्यात ‘निळा’ एवढाच मजकूर होता, आणि रेघेविषयी सरकारी दफ्तराला काही सांगायचे नव्हते. चालकाच्या बाजूला, कोणा जुन्या मालकाने चार स्क्रूंनी बसवलेला रबरी फुग्याचा पितळी भोंगा होता. तो उतरवून त्याची पितळी बैठक सोडवताना मिस्त्री एकदम थांबले.

“साहेब, वॉटर पेपर लावू नका इथं,” ते म्हणाले, “खाली जुनं अंग आहे.”

बैठकीखाली दोन बोटे रुंदीचा चौकोन होता. तेथे नंतरचा एकही हात चढलेला नव्हता. खोल, शांत निळ्या रंगाच्या मधोमध जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची एक फिकट रेघ आडवी गेलेली होती. सोन्याचा तेथे अंशही नव्हता. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिले.

मूळ रंगाचा शोध घेण्याची पहिली पायरी हीच आहे. ज्या जागी ऊन, पाऊस व उत्साही रंगारी या तिघांपैकी कोणीही पोचलेले नसते, त्या जागी प्रथम पाहावे: मोल्डिंगखाली, दाराच्या आतल्या अस्तरामागे, रबरी पट्ट्यांखाली, नंबर प्लेटच्या पाठीशी, डॅशबोर्डाच्या खालच्या घडीत. जेथे असा झाकलेला तुकडा मिळत नाही, तेथे बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून, उतरत्या कडेने रंग घासावा. मग झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांप्रमाणे एकेक थर उघडा पडतो, आणि सर्वांत आतल्या अस्तराला लागून असलेले कडे हा मोटारीचा पहिला वेष होय. पाणी लावून घासण्यास आणखी एक कारण आहे: जुन्या रंगांत शिसे असते, आणि कोरड्या घासकामाची धूळ श्वासावाटे आत जाणे आरोग्यास अत्यंत घातक ठरते.

तुकडा सापडला म्हणजे रंग सापडला, असे मात्र समजू नये. त्या शेडमधली रेघ प्रथमदर्शनी लोण्यासारखी पिवळसर दिसत होती, आणि आम्ही सर्वांनी तिला ‘क्रीम’ असे नावही देऊन टाकले. मिस्त्रींनी मऊ फडक्यावर किंचित कंपाउंड घेऊन तिचे एक टोक हलक्या हाताने पुसले, तेव्हा मेणाचा व धुराचा पापुद्रा निघून खालून करडट पांढरी छटा वर आली. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रकाशाने रंगद्रव्य फिके पडते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जवसाच्या तेलात कालवलेला रंग अंधारात दीर्घकाळ राहिला तर तेल पिवळे पडते, आणि पुन्हा प्रकाशात ठेवल्यावर तो पिवळेपणा काही अंशी उतरतो. म्हणजे उघड्यावरचा साक्षीदार विसराळू असतो, तर अंधारातला साक्षीदार थोडासा रंगवून सांगतो; दोघांचीही जबानी घेऊन मगच निर्णय द्यावा. म्हणून ती रेघ काही दिवस शेडच्या दाराशी उजेडात राहू दिली गेली, आणि त्यानंतरच डबे उघडले.

आता कोणी विचारील, की रंग वाचणारी यंत्रे असताना डोळ्यांची एवढी परीक्षा कशाला? अंगाच्या निळ्या रंगासाठी यंत्राचा उपयोग खरोखरच झाला. परंतु बहुतेक यंत्रांना रंग वाचण्यास काही मिलिमीटर रुंदीचा एकजिनसी पृष्ठभाग लागतो. दोन मिलिमीटरच्या रेघेवर ते ठेवले तर रेघ व शेजारचा निळा यांची सरासरी तेवढी हाती येते. काठाच्या रंगासाठी शेवटी मनुष्याचा डोळाच लागतो.

आणि डोळाही फसतो. पॅरिसच्या गोबलें येथील प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञापुढे तक्रार आली होती, की तेथील काळ्या धाग्यात दम नाही. त्याने तपास केला तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे असे त्यास आढळले. एकाच रंगाचे रूप शेजाऱ्यानुसार पालटते हा सिद्धान्त त्याने 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. मोटारीच्या रेघेस हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. पांढऱ्या कागदावर जुळवलेला करडा निळ्या अंगावर ओढताच उबदार भासतो. यास्तव मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर अंगाचाच निळा मारला, आणि प्रत्येक मिश्रण त्याच कुंचल्याने, तेवढ्याच रुंदीने ओढून, पूर्ण वाळल्यावर मूळ रेघेशेजारी धरून पाहिले; कारण ओल्या रंगाची छटा वाळल्यावर तशीच राहत नाही.

तिसरी मेख प्रकाशाची आहे. दोन रंग दिवसा एकरूप दिसावेत आणि ट्यूबलाइटखाली वेगळे व्हावेत, असे नेहमी घडते, कारण त्यांची घडण भिन्न द्रव्यांची असते. जुन्या पांढऱ्यात शिशाची वा जस्ताची संयुगे असत, आजच्या पांढऱ्यात टायटॅनियमचा अंश असतो, आणि तो अधिक दाट व थंड दिसतो. म्हणून पट्ट्यांची तुलना सकाळी उत्तरेकडच्या उजेडात, रंगीत भिंतींपासून दूर करावी, आणि मग दिव्याखाली तिची फेरतपासणी करावी. सहाव्या पट्टीत चिमूटभर कच्ची अंबर माती पडली, तेव्हा दोन्ही प्रकाशांत ती रेघेशी एकजीव झाली.

कागदाचा पुरावा अर्थातच वगळू नये. अमेरिकेतील मॉडेल एच्या मालकांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून जीर्णोद्धाराची तपशीलवार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, आणि रंगकंपन्यांचे त्या काळचे नमुन्यांचे तक्तेही संग्राहकांपाशी सापडतात. तथापि हिंदुस्थानात फोर्डच्या मोटारी कॅनडातील कंपनीमार्फत येत असल्याने अमेरिकन तक्ता हा मार्गदर्शक मानावा, हुकूम मानू नये. कागद आणि मोटार यांत मतभेद झाला तर मोटारीच्या अंगावरील साक्ष वरचढ ठरावी. हाच न्याय आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1954 पासून बाहेर पडलेल्या फियाट 1100 ला, आणि काळ्या अंगावर पिवळे छत मिरवणाऱ्या तिच्या टॅक्सीरूपालाही लावावा, कारण तो पिवळाही एक काठच आहे, आणि तो कोणता पिवळा, हे आत्ताच लिहून ठेवले नाही तर पुढच्या पिढीला अंदाजाने रंगवावा लागेल. केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तेव्हा मूळ स्वरूप या शब्दांना कायद्यातही स्थान मिळाले. त्या शब्दांचा रंगापुरता अर्थ मात्र कायदा लिहीत नाही, तो शेडमध्ये वाकून पाहणाऱ्यांनी भरावयाचा असतो.

रेघ ओढण्याचा दिवस ठरला तेव्हा शेडचा पंखा बंद करण्यात आला. मिस्त्रींनी कुंचला रंगात बुडवून काचेवर सपाट केला, करंगळी मोल्डिंगच्या कडेला टेकवली, श्वास रोखला, आणि दाराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हात सरकत गेला. नजर कुंचल्यावर नव्हती, ती सतत दोन वीत पुढे होती. भोंग्याच्या जागी आल्यावर मात्र त्यांनी कुंचला उचलला. तो दोन बोटांचा चौकोन त्यांनी रंगवला नव्हता, नवी रेघ जुन्या रेघेच्या अलीकडे येऊन थांबली आणि पलीकडून पुढे गेली, आणि दोहोंमधला सांधा मला भिंग लावूनही दिसला नाही.

पितळी बैठक पुन्हा त्याच चार भोकांवर बसवण्यात आली. मालकांनी सहाव्या पट्टीचा पत्रा कापडात गुंडाळला, मिश्रणाचे प्रमाण एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिले, ‘भोंग्याखाली मूळ रंग शाबूत आहे, घासू नये’ अशी ओळ तारखेनिशी खाली जोडली, आणि तो कागद घडी करून आर.सी. बुकाच्या पाकिटात, जेथे रंगाच्या रकान्यात नुसते ‘निळा’ लिहिलेले होते, त्या पानाशी ठेवून दिला.