टोक कुठे थांबलं?

सुई मानेत टोचली, तर कोड मानेचा लागणार, असं मी धरून चालले होते. भाची हसली. "मावशी, सुई कुठे शिरली ते नंतर. नळीचं टोक कुठे थांबलं, ते आधी सांग."

ती मुलुंडहून खाडीपुलावरून ऐरोलीला जाते आणि दिवसभर अमेरिकेतल्या पेशंटांच्या नोंदी वाचून त्यांतल्या उपचारांना सीपीटीचे पाच आकडी कोड लावते. कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे, १९६६पासूनचे. तिथला विमा त्यांवर पैसे देतो. पेशंटचं तोंड तिला कधी दिसत नाही, पण त्याच्या शिरेतून नळी कुठवर गेली हे ती बोटाने हवेत काढून दाखवते.

आयसीयूबाहेर आपल्याला डॉक्टर सांगतात, 'सेंट्रल लाइन टाकावी लागेल', ती हीच. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत न्यायची. टोक तिथवर पोचलंच नाही, तर कोडिंगच्या लेखी ती सेंट्रल लाइन नव्हे. पोचलं आणि नळीसाठी कातडीखालून बोगदा काढलेला नसेल, तर ३६५५६. नळीला तोंडं तीन असली तरी कोड एकच. मात्र पेशंटचा पाचवा वाढदिवस उद्या असेल, तर आज ३६५५५!

सोनोग्राफीत बघत सुई घातली तर ७६९३७ जोडता येतो. पण शीर मोकळी आहे हे तपासलं, सुई आत जाताना पाहिली, चित्र जपून ठेवलं, हे सगळं नोंदीत हवं. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे त्यांच्या धंद्यातलं पाठ वाक्य. रात्रभर उभ्या राहिलेल्या डॉक्टरला हे किती झोंबत असेल!

मग मी तिला व्हेर्नर फोर्समान सांगितला. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्डे. या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच कोपराच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी आत सरकवायला घेतली, तशाच अवस्थेत एक्स-रे खोलीत चालत गेला आणि टोक हृदयात पोचल्याचं फिल्मवर दाखवलं. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं.

भाचीने क्षणभर विचार केला. "कोपरातून म्हणजे पिक लाइनसारखं, हातातून नेलेली सेंट्रल लाइन. आत सरकवताना एक्स-रेवर बघत होता का?"

"एक्स-रेचा पडदा आरशात बघत होता म्हणतात."

"आणि फिल्म आहे? मग ३६५७३. नसती तर ३६५६९."