कशावर वाजवायचंय?

मास्तर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो हा. कोणाचं गाणं हवं, तुळजाभवानीचं की येडाईचं, जुनं की नवं, हे सगळं नंतर. समोरच्यानं ‘ट्रॅक्टर’ म्हटलं की ते एक फोल्डर उघडतात, ‘टेम्पो’ म्हटलं की दुसरं. ‘घरी, आईसाठी’ असं उत्तर आलं तर क्षणभर थांबतात आणि विचारतात, आईला नीट ऐकू येतं ना?

मी त्यांच्याकडे गेलो तो एका गाण्यामागं. ढोकीच्या रस्त्यावर उसानं भरलेली डबल ट्रॉली पुढं चालली होती आणि ट्रॅक्टरवरच्या बॉक्समधून एक आराधी गाणं, म्हणजे देवीच्या भक्तांचं गाणं, येत होतं. इंजिनाच्या घरघरीवर स्वार होऊन बाईचा गळा लख्ख ऐकू येत होता. नवं रेकॉर्डिंग होतं, तरी फोनवर शोधून काही सापडेना. पुढं टपरीवर ड्रायव्हर चहाला थांबला तेव्हा विचारलं. ‘‘तुळजापुरात मास्तरकडनं भरून आणलंय,’’ तो म्हणाला.

तुळजापूरच्या बाजारपेठेत कवड्यांच्या माळा आणि कुंकवाच्या राशी मांडलेली दुकानं आहेत, त्यांच्यामागच्या बोळात मास्तरांचं दुकान. एक काउंटर, जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर, देवीची तसबीर. मास्तरांनी सुरुवात केली टेपरेकॉर्डर दुरुस्तीपासून. मग कॅसेट विकल्या, मग सीडी, आणि आता चिप. मेमरी कार्डाला इथं सगळे चिपच म्हणतात. गिऱ्हाईक चिप देतं, मास्तर ती रीडरात घालतात, जुनं पुसायचं का ते विचारतात, गाणी भरतात, पैसे घेतात. एवढ्यात बघण्यासारखं काही नाही. मी तासन् तास बसून राहिलो ते त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांसाठी, कोणाला कुठलं गाणं द्यायचं हे मास्तर ठरवतात त्यासाठी.

माझं कामही हेच आहे. इंडी रॉकचे नवे अल्बम ऐकायचे आणि वाचकांना सांगायचं, हा ऐका. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित होतात, त्यामुळे दर शुक्रवारी माझ्यापुढं ढीग पडतो. हे काम पूर्वी माणसं करत. बीबीसीवर जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोणी नाव न ऐकलेले बँड लोकांच्या घरात नेले. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसमध्ये शास्त्रीय संगीताचे चाहते नुसती खरेदी करायला जात नसत, विचारायला जात. मुंबईचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. आता शिफारस ॲप करतं. मी काल काय ऐकलं ते ॲपला ठाऊक असतं. आज ते कुठं बसून ऐकणार आहे, शेजारी कोण असणार आहे, हे त्याला ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाही.

मास्तरांच्या प्रश्नामागं पक्कं कारण आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज खर्जातला. ढोलकी-ढोलाचा बेस त्यात बुडून जातो. वर तरंगतो तो फक्त झांजेचा, टिपेच्या गळ्याचा आणि संबळाच्या लहान भांड्याचा आवाज. संबळाची दोन भांडी असतात. मोठ्यावर वाकड्या काठीनं खालचा घुमारा काढतात, लहानावर सरळ काठीनं कडक बोल. आराधी गाण्यात ट्रॅक्टरवर टिकतं ते हे कडक भांडं. म्हणून ट्रॅक्टरच्या फोल्डरात मास्तर अशीच गाणी ठेवतात ज्यांत ते पुढं आहे.

त्यातही त्यांनी दोन वाटे केलेत. एक ट्रॅक्टर चालत असतानाचा, दुसरा नंबरात उभा असतानाचा. हंगामात कारखान्यावर रात्र रात्र नंबर लागत नाही. इंजिन बंद, थंडी, पाचटाची शेकोटी, शेजारच्या ट्रॅक्टरखाली कोणीतरी झोपलेलं. तिथं कडक संबळ लावला तर भांडणं होतात. तिथं तुणतुण्याची संथ गाणी लागतात, देवीची कथा सांगणारी, लांबलचक. ड्रायव्हर हे मागत नाही. मास्तर न मागता भरतात आणि सांगतात, ‘‘ही नंबरात लावा, दादा.’’ हंगाम संपताना तोच ड्रायव्हर परत येतो आणि नंबरातली आणखी मागतो.

हे सगळं एका वहीत आहे. लांबट, पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. एका ओळीला एक गाणं. आधी ध्रुपदाचे दोन शब्द, मग गाणाऱ्याचं गाव, मग एक अक्षर. ट्रॅक्टरला ‘ट्र’, टेम्पोला ‘टे’, जागरणाला ‘जा’, घराला ‘घ’. काही गाण्यांपुढं दोन अक्षरं, काहींपुढं एकही नाही. वहीच्या कडा कुंकवानं लाल झाल्यात, कारण दर्शन घेऊन आलेली माणसं कपाळाला लावलेलं बोट त्याच पानावर टेकवून ‘हे, हे भरा’ म्हणतात. वहीला वास येतो पोताच्या, देवीपुढच्या मशालीच्या, तेलाचा. बोळाच्या तोंडाशी पोत विझवतात, तेल करपतं, धूर सरळ दुकानात शिरतो. तुळजापूर सोडल्यावर हा वास माझ्या पिशवीला राहिला आणि घरी नवे अल्बम ऐकताना मला वहीतली ती अक्षरं आठवत राहिली.

अक्षर नसलेल्या गाण्यांचं काय, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, ‘‘२० सेकंद. तेवढ्यात संबळ नाही आला तर माणूस म्हणतो दुसरं लावा.’’ सुरुवातीला बासरी, पाण्याचा खळखळाट, घंटा, निवेदन असं बरंच काही घालून आणणारे गायक त्यांना भेटतात. त्यांना ते हेच सांगतात, २० सेकंद. स्वतः मात्र प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकतात. आधी फोनवर, मग छोट्या बॉक्सवर, मग माळ्यावरच्या जुन्या कर्ण्यावर. स्टुडिओतले जाणकार ध्वनिमुद्रकही मिक्सिंग झाल्यावर ते मुद्दाम हलक्या, छोट्या स्पीकरवर वाजवून बघतात, कारण तिथं टिकलं तर कुठंही टिकतं. मास्तरांना हे कोणी शिकवलेलं नाही.

नव्या गाण्यांचा त्यांचा शुक्रवार म्हणजे घटस्थापना. भाद्रपदाच्या वद्य पक्षात देवी मंचकी निद्रेला गेली की आसपासच्या तालुक्यांतून, सोलापूरकडून, पार कर्नाटकच्या सीमेवरून गाणारे पेनड्राइव्ह घेऊन यायला लागतात. नवरात्रात नवं गाणं वाजलं पाहिजे ही प्रत्येकाची धडपड. मग गाळप हंगाम, मग लगीनसराई, आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची, म्हणजे येडाईची, यात्रा. एका वर्षात गाणं या चारही ठिकाणी वाजलं तर मास्तरांच्या लेखी ते गाणं. मला हा निकष आमच्या वार्षिक याद्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा मी त्यांना माझ्या पिशवीतलं काहीतरी ऐकवलं. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’, १९९१ चा. शूगेझ म्हणतात त्या रॉकमधला हा सगळ्यांत गाजलेला अल्बम. गिटारींचे आवाज एकावर एक इतके चढवलेले की त्यांची भिंत उभी राहते आणि गाणाऱ्याचा गळा त्या भिंतीच्या आतून झिरपत येतो. आज नवे बँड याच वाटेनं जाताना दिसतात, आणि त्यांतले कोणते ऐकण्यासारखे हे सांगण्यात माझा निम्मा वेळ जातो. पहिलं गाणं ड्रमच्या चार ठोक्यांनी सुरू होतं आणि लगेच गिटारी कोसळतात. मास्तरांनी मान हलवली. २० सेकंदांच्या परीक्षेत पास. मग गायिका बिलिंडा बुचरचा आवाज आला आणि त्यांनी कान पुढं केला.

‘‘बाई गातीय ना ओ ही? तिला एवढं मागं का ठेवलंय?’’

मी सांगितलं, मुद्दाम. शब्द कळावेत अशी बँडची अपेक्षाच नाही, आवाजही एक वाद्य म्हणून धरलाय. मास्तरांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. त्यांच्या गाण्यांत हे चालणारच नाही, ते म्हणाले. आराधी गाण्यात बाई एक ओळ म्हणते आणि बाकीच्यांनी ती उचलायची असते. शब्दच कळला नाही तर उचलणार काय? मग कर्ण्याकडे बघून म्हणाले, ‘‘ट्रॅक्टरवर नको हे. इंजन खाऊन टाकतंय. रात्रीचं, कानात घालून, एकट्यानं ऐकायचं.’’ या संगीतावर वर्षानुवर्षं लिहिलेलं मी वाचलंय, मीही लिहिलंय. यापेक्षा नेमकी शिफारस मला आठवत नाही. स्लोडाइव्ह या दुसऱ्या शूगेझ बँडला १९९५ च्या अल्बमनंतर त्यांच्या कंपनीनं सोडून दिलं. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा समोर जे तरुण उभे होते, त्यांतल्या कितीतरी जणांनी ती गाणी अशीच मिळवली असणार, रात्रीची, एकट्यानं, कोणीतरी ‘हे ऐक’ म्हटलं म्हणून.

मास्तरांचं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे ज्याला गाणं आठवत नाही. एका मंगळवारी एक आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी. तिला तिची आई म्हणायची ते गाणं हवं होतं. शब्द आठवत नव्हते, चाल अर्धी आठवत होती. तिनं ती गुणगुणून दाखवली. मास्तरांनी चालीबद्दल काही विचारलं नाही. ‘‘माय कधी म्हणायची, आक्का? परडी भरताना का पोत खेळताना?’’ परडी भरताना, ती म्हणाली. त्यांनी वही उलटली, एक लावलं, ते नव्हतं. दुसरं लावलं, तेही नव्हतं. तिसऱ्याला ती दुसऱ्या ओळीपासून बरोबर म्हणू लागली, टाळी धरून, काउंटरवर वाकून. गाणं संपल्यावर म्हणाली, ‘‘हे नव्हं ते. पण भरा.’’

यातलं बरंचसं कायद्यात बसत नाही, हे लिहिलंच पाहिजे. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग विकायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं परवानगी लागते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्यांचाही रॉयल्टीवरचा हक्क मान्य केला आहे. बोळातल्या या काउंटरवरून गाणाऱ्या बाईला एक रुपया जात नाही. मला ते टोचतं. स्टुडिओचं भाडं तिनं दिलेलं असतं, संबळवाल्याचे पैसेही तिनंच दिलेले असतात. मास्तरांना हे विचारलं तेव्हा त्यांनी टाळलं नाही. खरंय म्हणाले, आणि वहीची मागची पानं उघडली.

तिथं फोन नंबर आहेत. गाणाऱ्यांचे, गावासकट. पेनड्राइव्ह आणून देताना गाणारे नंबर लिहून ठेवतात, कारण त्यांची कमाई गाण्याच्या विक्रीत नाही, जागरण-गोंधळाच्या सुपारीत आहे. गाणं ट्रॅक्टरवर फिरलं की गावात विचारणा होते, कोण आहे ही बाई? माग काढत माणूस या काउंटरवर येतो. नंबर द्यायचे मास्तर पैसे घेत नाहीत. हिशेब तरीही बरोबरीचा होत नाही असं माझं मत आहे. पण माझ्या शिफारशीवरून एखाद्या बँडला कार्यक्रम मिळाला, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. इथं ते डोळ्यांसमोर होतं.

मी निघालो त्या दिवशी कळंब तालुक्यातले एक गृहस्थ मुलाच्या लग्नानंतरच्या जागरणासाठी पार्टी शोधत आले होते. मास्तरांनी त्यांना तीन गाणी ऐकवली. त्यांनी ढोकीच्या रस्त्यावरचा तो गळा निवडला. मास्तरांनी कागदावर नंबर लिहून दिला. किती घेते, असं त्या गृहस्थांनी विचारलं.

‘‘ते तिच्याशी बोला, मामा. अंगणात मांडव आहे का वर पत्रा, तेवढं मात्र आधीच सांगा. पत्रा असला की संबळ घुमतो, मग ती एकच बॉक्स आणते.’’