चौथी पद्धत आणि एक टीप

शॉर्टवेव्हसाठी कोणता एसडीआर घ्यावा, असं मला अधूनमधून विचारलं जातं. माझ्या या वेडाची बातमी नातेवाइकांपर्यंत पोचलेली आहे. सिलोनसाठी काटा केसभर सरकवणाऱ्या पिढीला शॉर्टवेव्ह समजावून सांगायला नको. एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओ, काय असतो तेही आता बहुतेकांना ठाऊक आहे: लहरींचे आकडे करायचे आणि गाळण्याचं, निवडण्याचं काम संगणकावर सोपवायचं. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतही २०१०च्या सुमारास हेच तत्त्व वापरून खास बनवलेल्या सर्किटांचं काम साध्या संगणकांच्या ताफ्याकडे दिलं गेलं. तेव्हा हे हौशी लोकांचं खेळणं आहे असं समजू नये.

खरेदीचा सल्ला थोडक्यात देता येतो आणि तो मी देणारच आहे. पण त्यासाठी जुने अंक चाळताना एका टिपेत अडकलो, ते आधी सांगतो.

अमेरिकन रेडिओ रिले लीगचं ‘क्यूईएक्स’ हे प्रयोगशील हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचं नियतकालिक. २००२च्या जुलै-ऑगस्ट अंकापासून त्यात जेराल्ड यंगब्लड यांची चार भागांची लेखमाला आली. मोजक्या सुट्या भागांचं सर्किट, संगणकातलं साधं साउंडकार्ड आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्राम एवढ्यावर उत्तम रेडिओ उभा राहतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे याच रेडिओवर त्यांची फ्लेक्सरेडिओ कंपनी उभी राहिली. रेडिओच्या काळजाशी असलेल्या सर्किटाला त्यांनी ‘टेलो डिटेक्टर’ म्हटलं. मोटोरोलात काम करणारे हॅम डॅन टेलो यांनी १९९८मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २००१मध्ये ते मिळालं.

आता ती टीप. यंगब्लड यांच्या संदर्भयादीत एका डच हॅमच्या लेखाची नोंद आहे: डी. एच. व्हान ग्रास, ‘क्यूईएक्स’, सप्टेंबर १९९०, ‘चौथी पद्धत’. नोंदीखाली शेरा असा, की हे सर्किट टेलोच्या सर्किटासारखंच आहे, पण त्यात अनावश्यक भाग बरेच आहेत. टेलोंच्या अर्जाच्या आठ वर्षं आधीचा लेख, त्याच नियतकालिकातला. आणि त्याची वासलात एका वाक्यात!

चौथी कशी? तर एका साइडबँडचं, म्हणजे मूळ लहरीच्या वरच्या किंवा खालच्या एकाच बाजूचं, प्रक्षेपण तयार करण्याच्या आणि ऐकण्याच्या तीन पद्धती आधीच नोंदलेल्या होत्या. पहिली गाळणीची, दुसरी कलांतराची. तिसरी डोनाल्ड वीव्हर यांनी १९५६मध्ये मांडली आणि शीर्षकातच तिला ‘तिसरी’ म्हटलं. व्हान ग्रास यांनी तोच क्रमांक पुढे चालवला.

युक्ती पंगतीतली आहे. चार पानं मांडली आहेत, म्हणजे चार कपॅसिटर, आणि एकच वाढपी फिरतो आहे. त्याचा एक फेरा लहरीच्या एका आवर्तनात पुरा होतो, त्यामुळे पहिल्या पानात दर वेळी लहरीचा पहिला चतकोर पडतो, दुसऱ्यात दुसरा, असं. वाढप्याची गती लहरीच्या गतीहून किंचित वेगळी असली की पानांतली पातळी हळूहळू वरखाली होते. हे हळू हेलकावे म्हणजेच आपल्याला हवा तो आवाज. पहिल्या पानातून तिसरं वजा केलं, दुसऱ्यातून चौथं, की एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेल्या दोन धारा मिळतात. त्या दोन्ही संगणकाला दिल्या की वरची बाजू कोणती आणि खालची कोणती ते तो आकडेमोडीने सांगतो. कॉइल नको, क्रिस्टल फिल्टर नको. वाढप्याची गती बदलली की गाळणीही आपोआप त्या जागी सरकते.

अनावश्यक भागांचा शेरा रचनेपुरता खरा असेल. टेलोंनी सर्किट घासूनपुसून चकचकीत केलं, त्यात सिग्नल एक डेसिबलहून कमी गळतो हे दाखवलं, हे श्रेय त्यांचंच. पण कल्पनेचं मूळ शोधत मागे गेलं तर व्हान ग्रासही पहिले ठरत नाहीत: फिरत्या कपॅसिटरची गाळणी बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात १९६०मध्ये फ्रँक्स आणि सँडबर्ग यांनी मांडलेली आहे. माझं मत असं, की गाळणी बेलवाल्यांची, तिचा रेडिओ करण्याची अक्कल व्हान ग्रासची आणि नाव मात्र टेलोंचं. पेटंटवाल्याचं नाव टिकलं, लेखवाल्याचं टिपेत गेलं.

या सर्किटात एक खोड आहे. ते विषम पटींनाही दाद देतं. सात मेगाहर्ट्झ लावावं तर एकवीस मेगाहर्ट्झवरचं स्टेशनही दार ठोठावतं. एअरस्पाय एचएफ प्लस या एसडीआरमध्ये नेमक्या याच खोडीवर इलाज केला आहे: वाढप्याच्या फेऱ्यात टप्पे जास्त आणि प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणजे पटी एकमेकींना खाऊन टाकतात. १९९०च्या त्या लेखाची ही नात म्हणायला हरकत नाही.

आता खरेदीकडे. स्वस्त डोंगलची गोष्ट सर्वांना पाठ आहे. टीव्हीसाठी बनवलेली रिअलटेकची चिप, आणि तिच्यातून कच्चे आकडे थेट संगणकात येतात हे फिनलंडच्या आंत्ती पालोसारी यांनी २०१२मध्ये हेरलं. शिकायला ते उत्तम. पण आठ बिट म्हणजे जेमतेम पन्नास डेसिबलचा आवाका. हडपसरच्या आकाशवाणी परिसरात किंवा अशाच कुठल्या मध्यमलहरी प्रक्षेपकाच्या शेजारी राहणाऱ्याचं डोंगल त्या एकाच आवाजाने भरून जातं आणि बारीक स्टेशनं बुडतात. साध्या डोंगलवर ट्यूनरचा मधला टप्पा टाळून थेट शॉर्टवेव्ह घेतली तर आणखी एक गंमत होते. आकडे सेकंदाला २ कोटी ८८ लाख वेळा घेतले जातात, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं आणि खालचं एकमेकांवर आरशासारखं पडतं. पंधरावर १३.८वाला बोलू लागतो. व्ही-४ या नव्या डोंगलमध्ये लहर आधी वर चढवून घेतात, म्हणून ते बरं.

मग येतात चौदा बिटांचे एसडीआर, आरएसपी डीएक्स आणि किवी. पहिल्यात एकावेळी दहा मेगाहर्ट्झ दिसतात, दुसऱ्यात शून्यापासून तीसपर्यंत सगळं, शिवाय इंटरनेटवरून इतरांनाही ऐकवता येतं. हौस असेल तर जरूर घ्या. पण रात्री एक स्टेशन धरून बसणाऱ्याला दहा मेगाहर्ट्झची खिडकी काय करायची आहे? जाहिरातींत खिडकीची रुंदी ठळक छापतात, कारण ती चित्रात दाखवता येते. प्रबळ स्टेशनाशेजारचं दुबळं स्टेशन ऐकू येतं का, हे चित्रात दाखवता येत नाही.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा खरा वैरी खोक्यात नसतोच. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर या सगळ्यांची कुरकुर शॉर्टवेव्हवर ऐकू येते, आणि सोळा काय, चोवीस बिट असले तरी ती तशीच आकड्यांत उतरते.

म्हणून माझा क्रम असा. आधी काही विकत घेऊ नका. नेदरलंडमधल्या एन्स्खेडे इथे, ट्वेंटे विद्यापीठात पीटर-त्यर्क दे बूर यांनी २००८पासून चालवलेला वेबएसडीआर फुकट आहे. त्याला लावलेली अँटेना हातभर लांबीचीही नाही. त्यावर महिनाभर भटका. वेड टिकतं का ते कळेल. टिकलं तर ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरा, दिवे एकेक बंद करा आणि सर्वांत शांत जागा शोधा. मगच खरेदी: हात आखडता असेल तर व्ही-४, नसेल तर एचएफ प्लस डिस्कव्हरी. दोन्हींच्या बाबतीत खोक्याला जेवढे पैसे लागतील तेवढे लूप अँटेनेसाठी बाजूला काढा, आणि ती गॅलरीबाहेर लावायची परवानगी सोसायटीकडून आधीच घेऊन ठेवा.