वीस हजार रुपये आणि अंगठ्याचा ठसा

नवापूर तालुक्यातील एका पाड्यावर प्रार्थनासभा संपल्यावर एक बहीण मागे थांबली. तिचे यजमान गुजरातेत खडी क्रशरवर कामाला होते. पट्ट्यात हात सापडून उजव्या हाताची चार बोटे गेली. ती म्हणाली, "ताई, मालक देवमाणूस निघाला. दवाखान्याला वीस हजार दिले, वर गाडीभाडंही दिलं. कागदावर अंगठा घेतला तेवढाच." अपघाताला बावीस महिने झाले होते.

प्रिय वाचकहो, आपल्या बांधवांना हा पैसा मालकाची दया वाटतो, म्हणूनच हे लिहीत आहे. कामावर, कामामुळे इजा झाली तर भरपाई देणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. १९२३ सालापासून त्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण मूळ तत्त्व तेच आहे. हे काही नवे नाही म्हणा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातही मारहाणीत जखमी झालेल्याचा बुडालेला वेळ आणि औषधोपचार भरून देण्यास सांगितले आहे.

या भावाचा हिशेब आम्ही मांडला तो असा. वय ३५, पगार महिना १२,००० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व असते तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये, गुणिले त्या वयाचा ठरलेला गुणक १९७.०६. एका हाताची चारही बोटे जाणे म्हणजे कमाईची क्षमता ५० टक्के गेली, असे कायद्याच्या परिशिष्टात धरले आहे. म्हणून त्या रकमेचा अर्धा भाग. तो होतो ७,०९,४१६ रुपये. ती बहीण आकडा ऐकून काहीच बोलली नाही. तिने कागद घडी करून पदराला बांधला.

आणि दवाखान्याचे वीस हजार? उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईतून वजा होत नाही. अंगठा घेतलेल्या कागदाचीही भीती बाळगू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही. कामगार मरण पावला असेल, तर भरपाई वारसांच्या हातात परस्पर टेकवून मालक मोकळा होत नाही. ती रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते.

"तुम्ही ठेकेदाराची माणसं, आमची नाही," असे उत्तर नेहमी मिळते. आपल्या धंद्याचेच काम मुख्य मालकाने ठेकेदाराकडून करून घेतले असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते. मुकादम पळाला तरी दावा राहतो. दुसरे उत्तर, "तो पिऊन आला होता." मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब चालत नाही.

सगळ्यात जास्त दावे पुराव्यापाशी अडतात. हजेरीपटावर नाव नसते. म्हणून उचल दिल्याची चिठ्ठी, मोबाइलवर आलेले पैसे, कामावरचा फोटो, सोबतच्या दोघातिघांचे जबाब, जे मिळेल ते जपावे. दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिले आहे तेही त्याच दिवशी वाचून घ्यावे. या भावाच्या कागदावर "घरी पडून इजा" असे लिहिले होते. दवाखान्यात सोबत आलेल्या मुकादमाने तसे सांगितले होते. ते खोडून काढायला आम्हाला सर्वांत जास्त त्रास झाला.

दावा साधारण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. अपघात गुजरातेत झाला तरी कामगार जिथे राहतो त्या भागातही अर्ज करता येतो, हे कित्येकांना ठाऊक नसते. वकिलाच्या फीची चिंता नको. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मालकाने कामगाराचा राज्य विमा भरला असेल, तर मात्र मागणी तिकडे करायची.

धुळीचा आजारही यात येतो. क्रशरवरून खोकत परतलेल्याला टीबी समजून औषधे सुरू होतात. तो सिलिकोसिस असू शकतो. गुजरातेत गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून मेलेल्या मध्य प्रदेशातील २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. त्यांत बहुतेक आदिवासी होते. डॉक्टरांना "मी दगडाच्या धुळीत काम केले" हे आपणहून सांगावे आणि कागदावर लिहून घ्यावे.

आमचा अर्ज मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना दाखल झाला. तारखा चालू आहेत. प्रत्येक तारखेला त्या भावासोबत मंडळीतील कोणीतरी जाते, कारण एकटा असला की न्यायालयाच्या आवारातच मालकाची माणसे तडजोडीला गाठतात. दिवाळीनंतर पाड्यावरील माणसे पुन्हा कामाला बाहेर पडतील. कोण कुठे, कोणत्या मुकादमासोबत गेला, याची एक वही आपापल्या मंडळीत ठेवता आली तर ती आत्ताच सुरू करावी.